दिवसा दारे धरायची तर माळ कामाला लावा

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आपल्या रोजच्या नजरेतल्या. २१० मेगावॅटचे तीन संच. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर चक्र फिरवायचे. पण चिमणी शेजारी आहे म्हणून आपल्या पंपाला जादा वीज मिळत नाही. ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि शेतीला पाळीने येते. पाळी रात्रीची आली की बॅटरी घेऊन कांद्यात उतरायचे. पायाखाली साप, उसात बिबट्या.

यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धीला तिचा सुरुवातीचा प्रकल्प झाला. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची, अशी ही योजना आहे.

ही वीज तयार होते कशी? पॅनेलमध्ये सिलिकॉनचे सेल असतात. त्यांवर उजेड पडला की वीज वाहू लागते. ना वाफ, ना चक्र. ही वीज बॅटरीसारखी, म्हणजे डीसी असते. आपल्या मोटारीला एसी लागते. हा बदल इन्व्हर्टर करतो. पुढे ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो आणि वीज उपकेंद्रात जाते.

ऊन तापले की वीज जास्त, हा समज चुकीचा आहे. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. पॅनेल २५ अंशांच्या वर तापले की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. धूळ बसली तरी घट येते, म्हणून पॅनेल धुवावी लागतात.

आता हिशेब पाहा. १ मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. चांगल्या उन्हाच्या दिवशी चार-साडेचार हजार युनिट मिळतात. पाच अश्वशक्तीचे शंभरेक पंप आठ तास चालतील एवढी ही वीज आहे. मात्र सूर्य मावळला की काम बंद. एकलहऱ्याच्या एका संचाएवढी क्षमता उभारायची तर नऊशे-हजार एकर लागतील, तरीही घरातला रात्रीचा दिवा त्यावर लागणार नाही. म्हणून चिमणीची गरज लगेच संपत नाही. आपली दारे धरायची वेळ मात्र बदलू शकते.

जमीन भाड्याने देणाऱ्यांसाठी दोन शब्द. योजनेत हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार रुपये भाडे आहे. त्यात दरसाल ३ टक्के वाढ. पंचविसाव्या वर्षी एकरी भाडे लाखाच्या आसपास जाईल. मुरमाड माळाला हे परवडते. पाणी असलेली द्राक्षाची किंवा कांद्याची जमीन मात्र देऊ नका. करार पंचवीसेक वर्षांचा, म्हणजे पोराच्या हयातीतला. घरात सगळ्यांनी बसून तो वाचावा. भाडे कोणत्या तारखेला मिळेल आणि मुदत संपल्यावर खांब व पाया कोण काढणार, हे लिहून घ्यावे.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही विनंती आहे. दुसऱ्या टप्प्यात ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षे अनुदान आहे. पण गायरान देण्याआधी जनावरे कुठे चरणार, पावसाचे पाणी कुठून वाहणार आणि शिवाररस्ता कसा राहणार, हे ग्रामसभेत ठरवावे. नंतर कुंपणापाशी भांडण्यात अर्थ नाही.

माळ आपला, ऊनही आपलेच. कागद नीट वाचून सही केली, तर रात्रीची झोपही आपली राहील.