रंगाने ओल जात नाही

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की आमच्या जिन्यात ताज्या रंगाचा वास सुटतो. बाहेर धो धो पाऊस, भिंतीला हात लावला तर तळवा गार पडतो, आणि कुणीतरी हमखास सांगतं, "अहो, ते डॅम्पप्रूफ मिळतं ना, त्याचे आतून दोन हात मारून टाका. ओल गेलीच समजा." हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय. शेजाऱ्यांकडून, हार्डवेअरच्या दुकानात, दोनदा तर चक्क रंगाऱ्याच्या तोंडून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते निमूटपणे केलंही होतं.

डोंबिवलीतला तिसरा मजला, पश्चिमेची भिंत. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, डॅम्पप्रूफचे दोन हात दिले, वर मोतिया रंग. गणपतीला आलेल्या प्रत्येकाने भिंतीचं कौतुक केलं. नवरात्रात त्याच भिंतीवर पापडासारखे फुगे उठले. त्यातला एक मी नखाने टोचला, तर चमचाभर पाणी मनगटापर्यंत ओघळलं. ते वाळल्यावर कातडीवर पांढरी पूड उरली.

गंमत म्हणजे रंगात काही खोट नव्हती. पाणी अडवायचं काम त्याने चोख केलं होतं. फक्त चुकीच्या बाजूने.

माठ डोळ्यांसमोर आणा. माठ झिरपतो म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगाला ऑइलपेंट लावला तर काय होईल? पाणी आतून मातीतून येतच राहणार, रंगापाशी साचणार आणि शेवटी रंगाची साल ढकलून देणार. झिरपणं थांबवायचं तर लेप पाण्याच्या बाजूने हवा. भिंतीचंही तेच. पाणी बाहेरून येतं आणि आपण लेप घरातून लावतो. बाहेरून लावलेल्या लेपाला पाणी भिंतीवर दाबतं, आतून लावलेल्या लेपाला भिंतीपासून सोडवतं. हे सातवीतल्या मुलाला पटतं, मोठ्या माणसांना का पटत नाही कोण जाणे.

"पण एवढ्याशा भेगेतून कितीसं पाणी येणार?" हा पुढचा प्रश्न. भारतीय मानक आयएस १०७७ नुसार नेहमीची भाजलेली वीट २४ तास पाण्यात ठेवली तर तिने वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं (वरच्या प्रतीच्या विटेला १५ टक्के). म्हणजे तीन किलोची वीट ६०० ग्रॅम पाणी पोटात ठेवूनही मानकात बसते. ९ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये शंभराहून जास्त विटा असतात. सगळ्या काही काठोकाठ भिजत नाहीत, निम्म्याच भिजल्या धरलं तरी तीस लिटर पाणी झालं. दोन हंडे! तेवढं पाणी अर्धा मिलिमीटरही जाडी नसलेल्या रंगाने कोंडून ठेवावं, अशी आपली अपेक्षा. मुंबईच्या पट्ट्यात मोसमात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. म्हणूनच पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती आधी ओलावतात.

राहिली ती पांढरी पूड. विटा, वाळू आणि सिमेंट यांतले क्षार पाण्याबरोबर विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना गिलाव्याचे कण सुटे करतात. यालाच लोणा लागणं म्हणतात. कोरड्या सोडियम सल्फेटने पाणी धरलं की त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. हे सगळं पुट्टीच्या मागे चाललेलं असताना वर आणखी पुट्टी चोपडणं म्हणजे केवळ पैशाचा धूर. लोणा लागलेला गिलावा विटेपर्यंत काढूनच टाकावा लागतो.

आता काही जण हटकून म्हणतील, "आमच्या तळघराला आतूनच केलंय आणि ते टिकलंय." बरोबर आहे. जिथे बाहेरच्या बाजूला हात पोचतच नाही, तिथे आतून लावायची सिमेंटची, भिंतीच्या छिद्रांत शिरून घट्ट होणारी रसायनं असतात. ती उघड्या काँक्रीटवर किंवा गिलाव्यावर लावतात. पुट्टीवर मारायचा रंग ही वेगळी वस्तू. दोघांनाही दुकानात "वॉटरप्रूफिंग" म्हणतात, घोळ तिथेच होतो. रंगाचा डबा घेतला असेल तर एकदा मागचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं की भिंत कोरडी हवी आणि गळती आधी दुरुस्त केलेली हवी. कंपनीने सांगितलंय, आपणच वाचत नाही.

मग करायचं काय? आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. त्यासाठी एक पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो. ओलीच्या डागाची कड पेन्सिलने आखा आणि बाजूला तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा. डाग पावसाबरोबर वाढत असेल आणि उघडीप मिळताच थबकत असेल, तर बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या कडेला किंवा गच्चीला भेग आहे. एप्रिलच्या उन्हातही तो ओलाच असेल तर पावसाला शिव्या देऊ नका, आत नळ किंवा सांडपाण्याचा पाइप गळतोय. जमिनीपासून कमरेपर्यंतच ओल असेल आणि घर तळमजल्यावर असेल, तर पायातून पाणी वर चढतंय. तळमजला नसेल तर पलीकडे न्हाणीघर आहे का पाहा. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतच डाग असतील तर चौकट आणि भिंत यांच्यामधली फट तपासा. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बारीक खाच आहे का, तेही बघा. ती बुजलेली असली की पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून सरळ भिंतीकडे येतं.

नळाचा संशय असेल तर रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपा आणि सकाळी पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर पाइप गळतोय.

कधीकधी भिंतीत ओल नसतेच, खोलीतली दमट हवा गार भिंतीवर जमते. हे ओळखायला दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि रात्रभर ठेवा. अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेच्या डी ४२६३ या मानकात काँक्रीटसाठी हीच चाचणी किमान १६ तासांची दिली आहे. घरगुती निदानाला ती भिंतीवरही चालते. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीत आहे. खोलीच्या बाजूने जमले तर खिडकी उघडा, आतल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे हलवा आणि रंगाचे पैसे वाचवा.

बाहेरच्या भेगा भरायचं काम पाऊस गेल्यावरच. भेग छिन्नीने इंग्रजी व्हीसारखी उघडायची, धूळ झाडायची, पॉलिमर घातलेला मसाला दाबून भरायचा आणि वर बाहेरचा लवचीक लेप द्यायचा. तळमजल्यावर हे घरच्या घरी जमतं. तिसऱ्या मजल्यावर परांची आणि अनुभवी माणूसच हवा, तिथे हौस नको. आणि खर्च कुणाचा यावरून भांडण्याआधी सोसायटीचे उपविधी वाचा. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. स्वतःच्या न्हाणीघराची आणि सिंकची ज्याची त्याने.

गळती थांबली तरी भिंत लगेच सुकत नाही. इंचाला एक महिना हा बांधकामातला जुना ठोकताळा. दोन्ही अंगांनी वारा लागला तर लवकर, पण ९ इंची भिंतीला काही महिने द्यावेच लागतात. म्हणजे गणपतीआधीचा मुहूर्त हा भिंत रंगवायला वर्षातला सगळ्यात वाईट मुहूर्त. हे मी घरात बोललो तेव्हा काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

ओलीच्याच गोतावळ्यातले आणखी काही समज, थोडक्यात. बाथरूमला टाइल्स आहेत म्हणून पाणी खाली जाणार नाही: टाइल्स पाणी अडवत नाहीत, सांध्यांतून ते झिरपतंच, अडवतो तो त्यांच्याखालचा थर. टाइल्सचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले की काम झालं: ते कडक होतं आणि पुन्हा तडकतं, न्हाणीघरात इपॉक्सी ग्राउट बरं. सिमेंट जास्त घातलं की गिलावा मजबूत: जास्त सिमेंटचा गिलावा सुकताना जास्त आकसतो आणि त्याच भेगांतून पाणी शिरतं. ओल्या भिंतीला जिप्समचा गिलावा चालतो: जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं. कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या घराला सिमेंटचा गिलावा केला की ते पक्कं होतं: चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती चिऱ्यात कोंडतं. बुरशीवर ब्लीच आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र ओतलं की जास्त स्वच्छ: त्यातून क्लोरीन वायू निघतो, हा प्रयोग कधीच करू नका.

आणि एमसीबी आहे म्हणून ओल्या भिंतीतल्या स्विचबोर्डाला हात लावायला हरकत नाही, हा समज तर जिवाशी खेळणारा. एमसीबी तारा आणि उपकरणं वाचवतो. माणसाला बसणाऱ्या झटक्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि तो असला तरी आधी मेन स्विच बंद करायचा.

माझ्या भिंतीवर शेवटी पेन्सिलच्या अकरा रेघा झाल्या. पाणी खिडकीच्या चौकटीशेजारच्या, नखही न जाणाऱ्या फटीतून येत होतं. नोव्हेंबरात ती बाहेरून भरून घेतली आणि आतला गिलावा काढून भिंत उघडी ठेवली. मधल्या दिवाळीत पाहुण्यांना ती लपवायला आईची जुनी जांभळी नऊवारी वरून खालपर्यंत टांगली. रंग मार्चमध्ये लागला. नऊवारी मात्र तिथेच राहिली, पुढच्या गणपतीत मखरामागे तीच शोभून दिसली.