गिल्टी प्लेझर्स (कादंबरी)

गिल्टी प्लेझर्स (अर्थ: अपराधी मनाने उपभोगलेली सुखे) ही अमेरिकन लेखिका लॉरेल के. हॅमिल्टन यांची इंग्रजी कादंबरी आहे. ती १९९३ मध्ये एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने प्रकाशित केली. मृतांना थडग्यातून उठविण्याचा व्यवसाय करणारी अनिता ब्लेक ही तिची नायिका आणि निवेदक असून, सेंट लुइस शहरात होत असलेल्या व्हँपायरांच्या हत्यांचा तपास हा कथेचा गाभा आहे. 'अनिता ब्लेक: व्हँपायर हंटर' या मालिकेतील ही पहिली कादंबरी होय. आधुनिक शहरात अलौकिक घटना घडविणाऱ्या 'अर्बन फँटसी' या साहित्यप्रकारात तिची गणना होते.

लेखिका आणि पार्श्वभूमी

हॅमिल्टन यांचा जन्म १९६३ मध्ये आर्कान्सा राज्यात झाला आणि बालपण इंडियाना राज्यात गेले. त्यांनी इंग्रजी साहित्य व जीवशास्त्र या विषयांचे शिक्षण घेतले. 'नाइटसीअर' (१९९२) ही त्यांची पहिली कादंबरी पारंपरिक अद्भुतिकेच्या वळणाची होती. 'गिल्टी प्लेझर्स'मध्ये मात्र त्यांनी अमेरिकन गुप्तहेरकथेचा साचा स्वीकारला. एकटा तपास करणारा, तिरकस बोलणारा आणि मारहाणीला सरावलेला नायक हे या कथांचे वैशिष्ट्य आहे. त्यांतील स्त्री गुप्तहेरांना पुरुषांइतकी मोकळी भाषा वा हिंसा करण्याची मुभा नसते, हे जाणवल्याने आपण अनिताचे पात्र निर्माण केले, असे हॅमिल्टन यांनी सांगितले आहे.

काल्पनिक विश्व

कादंबरीतील अमेरिका बहुतांशी वास्तवातल्यासारखीच आहे. फरक इतकाच, की तेथे व्हँपायर, झोंबी आणि रूप पालटणारी माणसे यांचे अस्तित्व सर्वज्ञात आहे. 'ॲडिसन विरुद्ध क्लार्क' या काल्पनिक खटल्याच्या निकालाने व्हँपायरांना कायदेशीर अस्तित्व मिळाले आहे. त्यामुळे व्हँपायर उघडपणे व्यवसाय करतात. त्यांचे स्वतंत्र चर्चही आहे. माणसे मारणाऱ्या व्हँपायराला मृत्युदंड देण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो आणि आदेशाविना व्हँपायराला मारणे हा खून ठरतो. अशा गुन्ह्यांसाठी पोलिसांचे खास पथक आहे.

मृतांना उठविणे हाही येथे परवानाधारक व्यवसाय आहे. तो करणाऱ्यांना 'ॲनिमेटर' म्हणतात. मृत्युपत्रावरून वाद झाला, की मृत व्यक्तीला उठवून तिलाच प्रश्न विचारता येतो. या विधीला कोंबडी किंवा बकऱ्याचे रक्त आणि विशिष्ट मलम लागते. झोंबीला पुन्हा थडग्यात पाठविण्यासाठी मीठ वापरतात. या शक्तीला मर्यादाही आहे. खून झालेली व्यक्ती झोंबी म्हणून उठली, तर ती साक्ष देत नाही, तर आपल्या मारेकऱ्याच्या मागे लागते. त्यामुळे प्रेतविद्या अवगत असूनही अनिताला नेहमीच्या पद्धतीनेच तपास करावा लागतो.

कथानक

चोवीस वर्षांची अनिता 'ॲनिमेटर्स इन्कॉर्पोरेटेड' या संस्थेत नोकरी करते. पोलिसांची सल्लागार म्हणून आणि न्यायालयाच्या आदेशावरून व्हँपायरांना ठार करणारी म्हणूनही ती काम करते. व्हँपायर तिला 'एक्झिक्यूशनर', म्हणजे मृत्युदंड अमलात आणणारी, या नावाने ओळखतात. शहरात कोणी तरी व्हँपायरांचीच हत्या करीत असल्याने विली मकॉय हा व्हँपायर तपासाचे काम घेऊन तिच्या कार्यालयात येतो. ती नकार देते.

यानंतर मैत्रीण कॅथरीनच्या लग्नाआधीच्या मेजवानीसाठी अनिता 'गिल्टी प्लेझर्स' या क्लबमध्ये जाते. झाँ-क्लोद या व्हँपायराच्या मालकीच्या या क्लबमध्ये स्त्री प्रेक्षकांसमोर पुरुष विवस्त्र नृत्य करतात. तेथे कॅथरीनला संमोहित करण्यात येते आणि तिच्या जिवाची धमकी देऊन अनिताला तपास हाती घेण्यास भाग पाडले जाते. या कटामागे शहरातील व्हँपायरांची स्वामिनी निकोलाओस असते. दिसायला लहान मुलगी असलेली निकोलाओस प्रत्यक्षात सुमारे हजार वर्षे वयाची आहे.

तपासात अनिताला फिलिप या तरुणाची साथ मिळते. व्हँपायरांकडून चावून घेण्याचे त्याला व्यसन जडलेले असते. दुसरीकडे एडवर्ड हा भाडोत्री मारेकरी निकोलाओसचे दिवसाचे विश्रांतिस्थान जाणून घेण्यासाठी अनिताला धमकावतो. झाँ-क्लोद अनिताशी गूढ बंध जोडतो आणि हे तिच्या संमतीवाचून घडते. निकोलाओस फिलिपचा छळ करून त्याला ठार करते.

खुनी अखेर अनिताचाच समव्यवसायी निघतो. निकोलाओसच्या सेवेत असलेला झॅकरी हा ॲनिमेटर स्वतः मरण पावलेला असून 'ग्रि-ग्रि' या मंतरलेल्या दंडातील गंड्याच्या बळावर वावरत असतो. गंड्याची शक्ती टिकविण्यासाठी त्याला व्हँपायरांचे रक्त लागते. हेच हत्यांचे कारण ठरते. शेवटी झॅकरी व निकोलाओस या दोघांचाही अंत होतो आणि शहराची सत्ता झाँ-क्लोदकडे जाते.

आशय

ज्यांना ठार मारणे हे अनिताचे काम आहे, त्यांच्याच मारेकऱ्याचा शोध तिला घ्यावा लागतो. या विरोधाभासावर कादंबरी उभी आहे. व्हँपायर म्हणजे केवळ चालती प्रेते, असे अनिताचे ठाम मत असते. मात्र कायद्याने त्यांच्या मृत्यूला खुनाचा दर्जा दिला आहे. तपास पुढे सरकतो तशी तिच्या मतातील निश्चितता ढळू लागते. झॅकरीच्या पात्रामुळे हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण माणूस म्हणून वावरणारा खुनीच मृत असतो आणि त्याचे बळी कायद्याच्या दृष्टीने जिवंत असतात.

धर्मश्रद्धेचाही कथेत महत्त्वाचा भाग आहे. व्हँपायरांपुढे क्रूस प्रभावी ठरतो तो धारण करणाऱ्याच्या श्रद्धेमुळे. अनिता श्रद्धाळू ख्रिस्ती आहे. पण कॅथलिक चर्चने ॲनिमेटरांना बहिष्कृत केल्याने तिने एपिस्कोपल पंथ स्वीकारला आहे. मृतांना उठविण्याची तिची शक्ती निवडलेली नसून जन्मजात आहे. त्यामुळे स्वतःच्या सामर्थ्याविषयीचा संकोच तिच्या निवेदनात सतत जाणवतो.

पुढील भाग, रूपांतर आणि प्रभाव

मालिकेतील दुसरी कादंबरी 'द लाफिंग कॉर्प्स' १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अनिताच्या प्रेतविद्येला अधिक वाव मिळाला असून तब्बल २८३ वर्षांपूर्वीचे प्रेत उठविण्याची मागणी तिच्याकडे केली जाते. मालिकेत २५ हून अधिक कादंबऱ्या आल्या आहेत. सुरुवातीच्या भागांत गुन्ह्याचा तपास केंद्रस्थानी होता. पुढे, विशेषतः 'नार्सिसस इन चेन्स' (२००१) पासून, प्रेमसंबंध व शृंगार यांना प्राधान्य मिळाले. या बदलाबाबत वाचकांमध्ये तीव्र मतभेद आहेत.

'गिल्टी प्लेझर्स'चे चित्रकथारूप २००६ पासून मार्व्हल कॉमिक्सने प्रकाशित केले. त्याच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रे ब्रेट बूथ यांनी काढली.

शहरी व्हँपायरकथा या कादंबरीपूर्वीही होत्या. टॅन्या हफ यांची 'ब्लड प्राइस' (१९९१) हे त्याचे एक उदाहरण. तथापि गुप्तहेरकथा, भयकथा आणि प्रणयकथा यांचा मेळ घालणाऱ्या प्रथमपुरुषी मालिकांच्या आरंभीच्या टप्प्यात 'गिल्टी प्लेझर्स'चे स्थान महत्त्वाचे मानले जाते. जिम बुचर यांची 'स्टॉर्म फ्रंट' (२०००) आणि शार्लेन हॅरिस यांची 'डेड अंटिल डार्क' (२००१) या नंतरच्या कादंबऱ्यांतही प्रथमपुरुषी निवेदन, अलौकिक समाज आणि खुनाचा तपास हीच सांगड आढळते.