बैठकीची दोन हाडं

घरात मिक्सरचं किंवा पंख्याचं जाड पुठ्ठ्याचं खोकं पडलं असेल तर त्याचा हातभर तुकडा कापा. तो जिन्याच्या पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ लेगिंग घालून त्यावर बसा, टाचा किंचित उचला आणि सायकलचं हँडल धरल्यासारखं पुढे वाका. अर्ध्या मिनिटाने उठून पुठ्ठ्यावर बोटं फिरवलीत की दोन खळगे लागतील. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. बायकांचं ते साधारण ११ ते १५ सेंटिमीटर भरतं. सायकलसाठी पॅडवाली शॉर्ट्स किंवा पॅडवाली चड्डी घ्यायला जाताना हा आकडा लिहून न्यावा. कमरेचं माप त्याच्यानंतरचं.

ते दोन खळगे म्हणजे बसताना टेकणारी हाडं. बायकांच्या कमरेचा सांगाडा रुंद, त्यामुळे ही हाडंही पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त अंतरावर असतात. वजन पेलायचं काम त्यांचं. त्यांच्या मधला आणि पुढचा भाग मऊ. तिथली कातडी नाजूक, खाली नसा आणि रक्तवाहिन्या. सॅडलवर बसल्यावर भार हाडांवर राहिला तर तासन् तास सायकल चालवता येते. तो मधल्या भागावर सरकला की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा आणि शेवटी सूज.

म्हणूनच ‘जेवढं जाड तेवढं आरामदायी’ हा हिशेब इथे चुकतो. फार मऊ, गुबगुबीत पॅडमध्ये हाडं खाली रुततात आणि आजूबाजूचा स्पंज वर येऊन नेमक्या नाजूक भागाला दाबतो. सॅडलवर चढवायच्या जेलच्या कव्हरचंही तेच. चांगल्या पॅडमध्ये दोन-तीन घनतेचे थर असतात: हाडांखाली घट्ट, कडेला पातळ, मध्ये खोलगट किंवा अगदी मऊ. घनता घनमीटरला किती किलो अशी सांगतात. लांबच्या प्रवासाच्या पॅडवर ८० ते १२० असे आकडे दिसतात. लेबलवर काहीच नसलं तर हाडांखाली येणारा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोरात दाबा. बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली, तर तो स्पंज तासाभरात बसणार. मग टेप लावून जाड भागाची रुंदी बघा. पुठ्ठ्यावरचे दोन्ही खळगे त्या जाड भागाच्या आत यायला हवेत, कडेवर नाही.

माझी पहिली शॉर्ट्स पुरुषांची होती. दुकानदार म्हणाला, ‘ताई, सगळं एकच असतं,’ आणि मी विश्वास ठेवला. पुरुषांचा पॅड मागे अरुंद आणि पुढे लांब असतो. माझी हाडं बरोबर त्याच्या कडांवर येत होती. त्यात मी आत नेहमीची सुती चड्डीही घातली होती, कारण तिच्याशिवाय बाहेर पडायचं हे मनाला पटतच नव्हतं. खडकवासल्याहून परतताना सिंहगड रोडवरचे शेवटचे काही किलोमीटर मी जवळजवळ उभ्यानेच पेडल मारले. घरी आंघोळीचं पाणी अंगावर पडलं आणि जांघेत आग झाली. चड्डीच्या शिवणीची रेघ कातडीवर लालभडक उमटली होती. सायकल म्हटली की हे व्हायचंच, असं मी पुढे कित्येक महिने धरून चालले. माझ्या ओळखीच्या दोघींनी एवढ्यावरूनच सायकल सोडली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा हे स्पष्टच सांगते: पॅडच्या आत काहीही घालायचं नाही. पॅड थेट कातडीला लागावा अशाच रीतीने बनवलेला असतो. त्याचं वरचं कापड घाम ओढून बाहेर टाकतं. सुती कापड तोच घाम धरून ठेवतं. ओली कातडी आणि त्यावर घासणारी शिवण एवढ्यावर सालटं निघतात. पूर्वी या जागी शॅमी नावाच्या डोंगरी शेळीसारख्या प्राण्याचं मऊ कातडं शिवत, म्हणून पॅडला अजूनही शॅमी म्हणतात. धुतल्यावर ते कातडं कडक होई आणि ते मऊ करायला क्रीम चोळत. आताच्या पॅडला त्याची गरज नाही. आज शॅमी क्रीम लावतात ते घर्षण कमी करायला. लांब जायचं असेल तर जिथे घासतं तिथे थोडंसं, सुगंध नसलेलं लावा.

शॉर्ट्स की चड्डी, हे तुम्ही काय घालून फिरता त्यावर ठरतं. ऑफिसला किंवा भाजीला सायकलने जाताना वर सलवार, ट्रॅक पँट किंवा सैल शॉर्ट्स असेल, तर आत पातळ पॅडची जाळीदार चड्डी पुरते. मात्र तिच्या पायाची कड जांघेच्या घडीत येऊ नये. थोडी मांडीवर उतरणारी घ्या. रविवारी ४०-५० किलोमीटर जाणार असाल तर लायक्राची शॉर्ट्सच हवी. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट्स पोटाला काचत नाही, पॅडही जागचा हलत नाही. पण हायवेवर स्वच्छतागृह मिळण्याची मारामार, आणि मिळालं तर जर्सी काढून पट्टे उतरवत बसायचं. मागून उघडणारी बिब मिळाली तर उत्तम, नाहीतर रुंद पट्टीच्या कमरेची साधी शॉर्ट्स बरी. बारीक इलॅस्टिक पुढे वाकल्यावर पोटात रुततं.

ट्रायल रूममध्ये ताठ उभं राहून आरशात बघू नका. उभ्याने पॅड अवघडच वाटणार. कमरेतून वाका, एक पाय स्टुलावर ठेवा, मग दुसरा. पॅड अंगाला चिकटून तुमच्याबरोबर हलला पाहिजे. पोकळी राहिली तर एक माप खाली या. मग हात आत घालून पॅडची कड चाचपा. कडेची जाड शिवण बोटाला लागली तर ती जांघेला लागणारच. पुढच्या बाजूला मधोमध शिवण असेल तर ती शॉर्ट्स परत ठेवा, कितीही सवलत असो.

इतकं करूनही एकाच बाजूला घासत असेल तर सॅडलची उंची बघा. ते फार उंच असलं की प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते. पुढचं टोक वर उचललेलं असेल तर थोडं खाली करा. बधिरपणा मात्र अंगावर काढू नका, आणि दुखरी गाठ आली तर ती जाईपर्यंत सायकल बंद. गाठ वाढली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा.

पाळीच्या दिवसांत आत सॅनिटरी पॅड घेतला की तो गोळा होतो आणि त्याच्या कडा कापतात. ज्यांना चालतो त्यांनी कप किंवा टॅम्पॉन वापरावा. नाहीतर ते दोन दिवस जवळच्याच फेऱ्या ठेवाव्यात.

धुण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे खरा घोळ तिथे होतो. आतले कपडे टॉवेलखाली किंवा ओढणीखाली लपवून वाळत घालायची सवय आपल्या हाडीमासी मुरलेली. साधी चड्डी तशीही वाळते. जाड पॅड वाळत नाही. वरून कोरडा लागतो, आत ओल राहते, आणि पावसाळ्यात त्याच ओलीत बुरशी धरते. मग जांघेत खाज सुटते आणि दोष घामाला दिला जातो. म्हणून घरी आल्या आल्या, चहाच्याही आधी, शॉर्ट्स काढा. सौम्य साबणाने गार पाण्यात धुवा. फॅब्रिक कंडिशनर नको. त्याचा थर बसून कापड घाम ओढेनासं होतं. पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा. आतली बाजू बाहेर करून, पॅड उघडा ठेवून, वारा लागेल अशा सावलीत बाहेरच्या दोरीवर घाला. शेजाऱ्यांना दिसली तरी दिसू दे. जून ते सप्टेंबर एका शॉर्ट्सवर भागत नाही, दोन लागतात.

आणि वर्षा-दीड वर्षाने एकदा ती खिडकीच्या उजेडासमोर ताणून धरा. बसायच्या जागी कापडातून उजेड आरपार दिसला, किंवा पॅड दाबल्यावर परत वर येईना, तर ती फडक्यात टाका आणि पुन्हा तो पुठ्ठ्यावरचा आकडा घेऊन दुकानात जा.