पाहुण्याचा भूतकाळ आणि यजमानाचे कर्तव्य

पर्यटकांना राहत्या घरातील एकदोन खोल्या रोजच्या भाड्याने देण्याची प्रथा कोकणात व गोव्यात आता चांगलीच रुजली आहे. लॉजमधील प्रवासी व्यवस्थापकाच्या घरात राहत नाही. येथे मात्र तो माजघराच्या भिंतीपलीकडे झोपतो. अशा पाहुण्यावर पूर्वी गंभीर गुन्हा शाबीत झाला होता असे अकस्मात कळले, तर यजमानाने काय करावे?

ही भीती निराधार नाही. तिहार तुरुंगातून १६ मार्च १९८६ रोजी पळालेला चार्ल्स शोभराज ६ एप्रिल रोजी पर्वरीच्या एका उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांच्या हाती लागला. सहप्रवाशांचा विश्वास संपादून त्यांना लुबाडणारा हा इसम बळींचीच पारपत्रे वापरीत असे. म्हणूनच ओळखपत्रावरील छायाचित्र चेहऱ्याशी ताडून पाहणे आणि नोंदवही चोख ठेवणे, हा यजमानाचा पहिला धर्म होय. परदेशी पाहुण्याची माहिती शासनास कळविण्याचे १९४६ च्या कायद्यातील बंधन २०२५ च्या नव्या कायद्यानेही कायम ठेवले आहे.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९५२ साली तो रद्द झाला. पण पारध्यांसारख्यांच्या कपाळीचा शिक्का आजही पुरता पुसलेला नाही. शिक्षा भोगून आलेल्यास प्रत्येक दार बंद झाले, तर समाजच त्याला जुन्या वाटेवर लोटतो.

तेव्हा विवेक करावयाचा तो येथे. पाहुणा फरारी असल्याचा किंवा वर्तमान वागणुकीत धोका असल्याचा संशय आला, तर त्याला जाब न विचारता पोलिसांना कळवावे. खटला चालू असेल, तर आरोप म्हणजे अपराध नव्हे, हे स्मरावे. शिक्षा पूर्ण झाली असेल व वर्तन सरळ असेल, तर ठरलेला मुक्काम पार पडू द्यावा. घरात मुलेबाळे आहेत आणि गुन्हा त्यांच्याच जिवावर उठणाऱ्या जातीचा आहे, अशा वेळी मात्र आगाऊ रक्कम परत करून सौम्य शब्दांत नकार देण्यात अन्याय नाही. अन्याय होतो तो त्याचे नाव गावभर करण्यात.

दाराला कडी असावी. पण ती कोणासाठी लावावयाची, हे ऐकीव वार्तेने ठरू नये.