जेम्सटाउनचा धडा ठाण्याच्या किल्ल्यापाशी

ठाण्यातल्या नौपाड्याला अमेरिका काही परकी नाही. कुणाची आत्या न्यू जर्सीत, तर कुणाचा दादा बोस्टनला शिकायला. तरीही आठवीच्या इतिहासात तिथल्या तेरा इंग्रज वसाहती आल्या की वर्ग कंटाळतो. दोष मुलांचा नाही. 1607 ला जेम्सटाउन, 1620 ला प्लिमथ, 1776 ला स्वातंत्र्य, एवढं पाठ करून घेतलं की धडा उरकतो. माझं ठाम मत आहे की ठाण्यातल्या मुलांना हा विषय ठाण्याच्या किल्ल्यापासून शिकवावा.

त्याआधी वर्गात एका माणसाची ओळख करून द्यावी. सर थॉमस स्मिथ हा लंडनचा बडा व्यापारी. 31 डिसेंबर 1600 रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, तेव्हा तिचा पहिला गव्हर्नर हाच होता. जेम्सटाउन वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार, म्हणजे खरा कारभारीही हाच. शहर एक, माणूस एक, नफ्याची हाव तीच. मग तिकडे वसाहत आणि इकडे नुसती वखार, असं का? हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना भांडू द्यावं.

उत्तर मालात आहे, माणसांत आहे आणि रोगराईतही आहे. सुरतेला कापड आणि नीळ तयार मिळत होती, पण मुघलांच्या फर्मानाशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. व्हर्जिनियात सोनं निघालं नाही. 1609-10 च्या हिवाळ्यात उपासमारीने जेम्सटाउनच्या पाचएकशे माणसांतली साठच्या आसपास उरली. मग जॉन रॉल्फने तंबाखू लावली आणि गाडी रुळावर आली. तंबाखू जमिनीचा कस शोषते, म्हणून दर काही वर्षांनी नवी जमीन हवी, आणि राबायला हात हवेत. जमीन तिथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांची गेली. 1619 साली पकडून आणलेले आफ्रिकी लोक तिथे उतरवले गेले. मुलांना हे सौम्य करून सांगू नये. थँक्सगिव्हिंगला आत्याकडून व्हॉट्सॲपवर टर्कीचे फोटो येतात, त्यांच्यासोबत पटुक्सेटची गोष्टही यायला हवी. मेफ्लॉवर जहाजातले लोक प्लिमथला जिथे वसले ते वाम्पानोआग लोकांचं गाव होतं, काही वर्षांपूर्वीच साथीत ओस पडलेलं. शेतं आयती मोकळी मिळाली.

मुंबईत उलटं घडलं. इथल्या हवापाण्याने इंग्रजच पटापट मरत होते. त्यामुळे गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने गुजरातेतल्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना धर्माची मोकळीक देऊन बोलावून घेतलं. राजा मात्र दोन्हीकडे एकच, दुसरा चार्ल्स. 1664 मध्ये डचांचं न्यू ॲमस्टरडॅम त्याच्या हाती आलं, न्यू जर्सीही त्याच वर्षीची. आणि 1668 साली त्यानेच मुंबई वर्षाला दहा पौंडांनी ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

आता किल्ला. गोखले रोडने निघून तलावपाळीवरून कोर्टनाक्यापुढे गेलं की दगडी तट दिसतो. आत कारागृह असल्याने तो बाहेरूनच बघायचा. 1910 मध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच फाशी झाली, हे मुलांना ठाऊक असतं. त्याआधीचं क्वचित कुणी सांगतं. पोर्तुगिजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला पुरा होण्याआधीच, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला. 28 डिसेंबर 1774 रोजी तो इंग्रजांनी जिंकला. या लढाईत त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन प्राणघातक जखमी झाला.

इथे तटाशी उभं राहून मुलांनी वह्यांत दोन रकाने आखावेत. बोस्टनच्या बंदरात चहा बुडाला 16 डिसेंबर 1773 रोजी, आणि तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचाच. ठाणं पडलं पुढच्या वर्षी. 1776 च्या मार्चमध्ये मराठे आणि इंग्रजांचा पुरंदरचा तह, जुलैत अमेरिकेचा जाहीरनामा. 1781 मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रं खाली ठेवली. 1782 च्या सालबाईच्या तहात ठाण्यासकट साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि 1786 मध्ये तोच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. तिथे हरलेला इथे राज्य करायला कसा येतो, हे मुलं आपणहून विचारतात.

शाळेत परतल्यावर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला टोपीकरांवरचा, म्हणजे युरोपियनांवरचा, भाग वाचायला द्यावा. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला. टोपीकरांना समुद्रकाठी जागा देऊ नये, पक्की घरं बांधू देऊ नयेत, असं अमात्य बजावतात. हा सल्ला पोव्हाटनांच्या मुखियाला 1607 साली मिळाला असता तर त्याला तो पाळता आला असता का, यावर मुलांनी पानभर लिहावं. किल्ला पडला त्या डिसेंबरातच हा धडा घ्यावा. तेव्हा स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असतात खऱ्या, पण एक सकाळ त्यातून काढता येते.