पद्मिनी व ॲम्बॅसडर : दोन देशांच्या दोन मोटारींची पारख

जुनी पोथी हातीं आली म्हणजे तिची मूळ प्रत कोणती, नक्कल केव्हांची आणि क्षेपक कोठें, हे तीन प्रश्न आपण प्रथम विचारतों. रोहा-पेण बाजूस जुन्या मोटारींचा संग्रह करूं इच्छिणारांनींही हेच प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें.

पद्मिनीचें मूळ इटलीची फियाट ११०० ही गाडी. तिची देशी आवृत्ति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत निघाली. ॲम्बॅसडरचें मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. ती हिंदुस्थान मोटर्सनें बंगालांतील उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत बांधिली. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशीनंतर नुसती जुळणी करणाऱ्या विदेशी कंपन्यांनीं येथील काम आवरिलें; त्यामुळें या दोन नकलांस मोकळें रान मिळालें. त्या वेळीं केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. त्यांचें बालपण रोह्यांतच गेलें.

आतां कालनिर्णयाकडे वळूं. फियाटच्या यंत्राचें आकारमान १०८९ घन सेंटिमीटर, तर साठ सालानंतरच्या पेट्रोल ॲम्बॅसडरचें १४८९. इसुझु या जपानी कंपनीचें मोठें यंत्र ॲम्बॅसडरमध्यें १९९० नंतर आलें. तें १९६५ ची म्हणून दाखविलेल्या गाडींत आढळल्यास तो उघड क्षेपक होय. ‘पद्मिनी’ हें नांवही १९७० नंतरचें. १९६४ च्या सुमाराची गाडी ‘डिलाइट’ म्हणून ओळखली जाई. कागदांतही अशाच खुणा सांपडतात. कुलाबा जिल्ह्याचें रायगड हें नामांतर १९८१ सालीं झालें. त्यापूर्वींच्या म्हणविणाऱ्या दाखल्यांत ‘रायगड जिल्हा’ असेल, तर तो मागाहून केलेला समजावा. पेण कचेरीचा ‘एमएच-०६’ हा क्रमांक तर त्याहूनही अर्वाचीन.

ही चिकित्सा निव्वळ हौसेची नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीसच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. म्हणजे यंत्र बदललें कीं गाडीची योग्यताच संशयांत येते.

उभय गाड्यांस स्वतंत्र सांगाडा नाहीं. पत्र्याची काया हाच त्यांचा सांगाडा. म्हणून आपल्या खाऱ्या, दमट हवेंत दारांखालच्या पट्ट्यांस लागलेला गंज पोथीच्या वाळवीप्रमाणें आंतून पोखरतो; वरच्या नव्या रंगावर विश्वासूं नये.

दोहोंत निवड करणें झाल्यास आमचा कौल पद्मिनीकडे. तिचें मूळ विदेशी असलें तरी जन्मस्थान मुंबई असल्यानें तिचे कागद व कारागीर आपल्या जवळचे आहेत. शिवाय मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुदत संपून रस्त्यावरून गेली. भंगारांत गेलेली प्रत पुन्हां मिळत नाहीं. तेव्हां जिच्याजवळ जुनें नोंदणी-पुस्तक शाबूत आहे, अशी गाडी संग्राहकांनीं आधीं पदरीं घ्यावी. रंगरंगोटी मागाहूनही होईल.