पांढऱ्या एप्रनवालं पुणं

पुण्यात नोकरी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिंजवडी, गळ्यातलं आयकार्ड आणि कंपनीची बस. पण बॉस, याच शहरात पांढऱ्या एप्रनवाली दुसरी इंडस्ट्रीही कधीपासून वाढतेय!

सुरुवात चक्क घोड्यांपासून झाली. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे सीरमसाठी मुंबईच्या हाफकिनला जायचे. मग सीरम आपणच का बनवू नये? १९६६मध्ये सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. डोसांच्या हिशेबात आज ती जगातली सर्वांत मोठी लसउत्पादक आहे.

मार्च २०२०मध्ये कोविड चाचणीच्या पहिल्या भारतीय किटला मंजुरी मिळाली, तीही पुण्याच्या मायलॅबच्या. टीमप्रमुख मिनल दाखवे-भोसले यांनी किट तपासणीसाठी दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली! २०२२मध्ये जेनोवाची एमआरएनए लस आली. देशातली पहिली.

मग आपली मायक्रोबायोलॉजीवाली मंडळी आयटीत का पळतात? कारण सरळ आहे. कोडमधला बग रात्रभर जागून निघतो. पेशी मात्र आपल्याच वेळेनं वाढतात. लस बाजारात यायला वर्षं लागतात आणि ईएमआय दर महिन्याला येतो.

एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७पासून नव्या कंपन्यांना लॅब आणि उपकरणं वापरायला देतंय. जागेचा, मशीनचा प्रश्न त्यातून सुटतो. वाट बघायची तयारी मात्र स्वतःचीच आणावी लागते. तुमची आहे?